मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके आहेत, कण्याचा अजून काढलेला नाही. आधी काय करू?

जास्वंद_डिचोली

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली, वय 34, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. थोडं लांबेल, पण सगळं क्रमाने सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेल्या जुलैत डावा डोळा दुखायला लागला. डोळा फिरवला की आतून ओढ बसायची. चौथ्या दिवशी सकाळी देवाला फुलं काढत होते. आमच्या परसातली जास्वंद लालभडक असते. सहज उजवा डोळा चोळला, तेव्हा डाव्या डोळ्याला तेच फूल विटलेलं, जुन्या कौलाच्या रंगाचं दिसलं. डावा डोळा झाकला की पुन्हा लाल. पावसात भिजत तिथेच उभी राहून मी पाच-सहा वेळा एकेक डोळा झाकून बघितला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, डोळ्याच्या नसेला सूज आहे, मेंदूचा एमआरआय काढा आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तशी चिठ्ठीही लिहून दिली. पण पाच आठवड्यांत दिसायला लागलं, चवथ तोंडावर आली, घरात रंगकाम, माटोळी, पाहुणे... चिठ्ठी कपाटात साड्यांच्या खाली राहून गेली. याचं मला आज फार वाईट वाटतं.

मग यंदा फेब्रुवारीत दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या. आठ दिवसांत त्या चढत चढत बरगड्यांपर्यंत आल्या. बरगड्यांखाली कोणीतरी ओलं फडकं आवळून बांधल्यासारखं वाटायचं. आंघोळीचं पाणी पायावर घेतलं तर गरम की गार ते कळेना, आधी हात घालून बघावं लागे. आणि सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे वह्या तपासायला मान खाली घातली की पाठीतून थेट पायांपर्यंत करंट जायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याची गादी सरकली असेल म्हणून कंबरेचा एमआरआय काढायला लावला. नॉर्मल आला. फिजिशियननी बी-12 बघितलं, ते 168 निघालं. इंजेक्शनं दिली आणि शाळेचं टेन्शन घेऊ नका म्हणाले. इंजेक्शनं संपली तरी बधिरपणा अर्धाच उतरला. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी मेंदूचा साधा एमआरआय काढायला सांगितला. रिपोर्टमध्ये पाच पांढरे ठिपके लिहिलेत, पुढे "नॉन-स्पेसिफिक, डिमायलिनेशनची (म्हणजे नसांवरचं आवरण झिजण्याची) शक्यता तपासावी". डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसचं नाव घेतलं (मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण शरीर स्वतःच झिजवतं, तो आजार) आणि तीन गोष्टी लिहून दिल्या. पूर्ण कण्याचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध टोचून), डोळ्यांची व्हीईपी (डोळ्याचा निरोप मेंदूला किती वेळात पोचतो ती तपासणी), आणि पाठीतलं पाणी काढून तपासणं.

धीर व्हावा म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, तर ते म्हणाले, ठिपके बऱ्याच जणांना असतात, सहा महिन्यांनी परत एमआरआय काढू. आता मी दोघांच्या मधे अडकले आहे. कण्याच्या एमआरआयला एके ठिकाणी सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे, दुसरीकडे परवा काढून देतात पण 16,500 रुपये सांगतात. सासूबाई म्हणतात, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, त्यांच्या माहेरी एकाचं तसं झालं होतं.

थांबू का? पाण्याची तपासणी खरंच लागते का? गोव्यात हे सगळं केलेलं कोणी इथे आहे का?

---

फोंडेकर

ताई, मी डॉक्टर नाही. माझ्या बायकोला एमएसचं निदान व्हायला तीन वर्षं लागली, त्यात जे शिकलो तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे ती कपाटातली चिठ्ठी आज काढा आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. तुम्हाला तिचं वाईट वाटतंय, पण आज तुमच्याकडे असलेला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. एमएस कुठल्याही एका तपासणीने ठरत नाही. डॉक्टर दोन गोष्टी सिद्ध करायला बघतात. मेंदू-मज्जारज्जूत वेगवेगळ्या जागी इजा झाली आहे का, आणि ती वेगवेगळ्या वेळी झाली आहे का. याला मॅकडोनाल्ड निकष म्हणतात. 2017 च्या निकषांत जागा चार होत्या, मेंदूतल्या तीन आणि चौथी मज्जारज्जू. 2024 च्या सुधारणेत डोळ्याची नस ही पाचवी जागा म्हणून धरली गेली. म्हणजे जुलैचा डोळा आणि फेब्रुवारीचे पाय ही दोन वेगळी दुखणी म्हणून नव्हे, एकाच गोष्टीचे दोन प्रसंग म्हणून डॉक्टरांसमोर ठेवायला हवीत. दुसरं मत देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही डोळ्याचं सांगितलं होतं का? आम्ही नव्हतं सांगितलं. हिचा डोळा बरा झाला होता, म्हणून कोणाला सांगायचं सुचलंच नाही.

दुसरं, कंबरेच्या एमआरआयबद्दल. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. कंबरेच्या फोटोत त्याचं फक्त खालचं टोक येतं. तुमचा बधिरपणा बरगड्यांपर्यंत चढलेला आहे, म्हणजे शोधायचं त्याच्या वर, छातीच्या आणि मानेच्या भागात. मान वाकवल्यावर जाणाऱ्या करंटला लर्मिटची खूण म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा मानेतल्या मज्जारज्जूकडे बोट दाखवते. नॉर्मल रिपोर्ट खोटा नव्हता, पण ज्या जागेचा फोटो हवा होता तो कोणी काढलाच नाही. आमचेही पहिले आठ हजार असेच गेले.

म्हणून थांबायचं तर कण्याच्या एमआरआयसाठी तरी थांबू नका, असं माझं मत. मेंदूतले ठिपके अर्धशिशीने येतात, वयाने येतात, ब्लडप्रेशरने येतात. मज्जारज्जूत मात्र वयामुळे ठिपके येत नाहीत, त्यामुळे तिथे एक जरी दिसला तरी डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. कॉन्ट्रास्टचं कारण असं की ताजी सूज त्याने उजळते आणि जुनी उजळत नाही. एकाच दिवशी एक उजळलेला आणि एक न उजळलेला ठिपका सापडला तर 'वेगवेगळ्या वेळी' हा भाग तिथेच सुटतो. ताजा ठिपका काही आठवडेच उजळतो, मग विझतो. सात आठवडे त्यासाठी खूप होतात. पैशाची सोय होत असेल तर आधी काढा. नसेल तर न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट सांगा की तारीख लांबची आहे, तातडीची चिठ्ठी द्या. आम्हाला अशा चिठ्ठीवर अकराव्या दिवशी नंबर मिळाला होता.

सीडी मागून घ्या. नुसती फिल्म आणि कागद घेऊन परतू नका. आणि घरी आल्यावर ती उघडते का ते बघा. आम्ही मुंबईला दुसऱ्या मतासाठी गेलो तेव्हा तिथे सीडी रिकामी निघाली, हातात फक्त कागद. पुढचे एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर काढा, म्हणजे जुन्याशी नीट ताडून बघता येतात.

आणि एक पान लिहा. एकच. ओपीडीत डॉक्टरांसमोर सहा-सात मिनिटं मिळतात, त्यात ही रडायची आणि मी मधेच भलतंच सांगायचो. मग मी एका पानावर महिना, काय झालं, किती दिवस टिकलं, कितपत बरं झालं एवढंच लिहून नेलं. एक दिवसापेक्षा जास्त टिकलेलं प्रत्येक लक्षण त्यात घाला. त्या दिवशी डॉक्टरांनी ते पान वाचलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच आम्हाला प्रश्न विचारले.

दीन दयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड असेल तर बरोबर ठेवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. पण ओपीडीतली प्रत्येक तपासणी त्यात बसेल असं धरून चालू नका. आधी काउंटरवर विचारा, मग पैसे भरा.

---

अर्धशिशी_म्हापसा

मलाही मेंदूत सात ठिपके निघाले होते. दोन वर्षांत तीन एमआरआय झाले, एकही वाढला नाही, शेवटी मायग्रेनचे ठरले. तेव्हा ठिपके दिसले म्हणजे एमएसच, असं मनात धरून रात्री जागू नका. पण मला डोळ्याचं किंवा पायांचं कधी काही झालं नव्हतं. तुमची गोष्ट वेगळी वाटते.

---

जास्वंद_डिचोली

फोंडेकर दादा, तुमचं दोनदा वाचलं. नाही, दुसऱ्या डॉक्टरांना मी डोळ्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी "आधी काही आजार?" विचारलं आणि मी थायरॉइड नाही, शुगर नाही एवढंच म्हटलं. डोळा बराच झाला होता, तो आजारात धरायचा असतो हे माहीतच नव्हतं. चिठ्ठी सापडली. तारीख 19 जुलैची आहे आणि त्यावर डाव्या डोळ्याची नजर आकड्यात लिहिलेली आहे.

मे महिना सुरू झाल्यापासून आणखी एक होतंय. लईराईच्या जत्रेला शिरगावला गेले होते, गर्दीत घामाघूम झाले आणि तासभर डाव्या डोळ्यासमोर परत धूसर झालं. घरी पंख्याखाली बसले तशी नजर साफ झाली. हा नवा झटका म्हणायचा का?

---

निवृत्त_सिस्टर

बाय, तासाभरात निवळलं आणि अंग तापल्यावरच झालं, तर तो बहुधा नवा झटका नव्हे. आधी इजा झालेली नस उष्णतेने थोडा वेळ नीट काम करत नाही. पण पानावर तेही लिही, डॉक्टरांना ते कळायला हवं. गरम पाण्याने लांब आंघोळ, उन्हात उभं राहणं सध्या टाळ. दिवस उलटूनही धूसर राहिलं तर मात्र तारखेची वाट न बघता दाखव.

मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच मेडिसिनला. तुझ्या सासूबाईंना माझ्या नावाने सांग. फोंडेकरांनी लिहिलंच आहे की मज्जारज्जू वर संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधे, जिथे पाणी आणि सुट्या नसाच असतात. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात. पोटातल्या बाळाचं चित्र असतं ना, तसं. जागा बधिर करतात, ते इंजेक्शन चुणचुणतं, पुढे नुसता दाब लागतो. थेंब थेंब पाणी बाटलीत पडतं, ते पाण्यासारखंच नितळ असतं. त्याच वेळी हातातलं रक्तही घेतात, कारण ऑलिगोक्लोनल बँड (एक प्रकारच्या प्रथिनांचे पट्टे) पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं असतं. रक्त घ्यायचं राहिलं तर रिपोर्ट अर्धा पडतो. तेव्हा आठवणीने विचार. ते बँड निघाले तर निदानाला मोठा आधार होतो, कधी कधी दुसऱ्या झटक्याची वाट बघावी लागत नाही.

नंतर काही जणांचं डोकं दुखतं. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं, ही त्याची ओळख. विश्रांती, भरपूर पाणी, चहा. बहुतेकांचं काही दिवसांत जातं. ताप आला, मान आखडली, किंवा सुईच्या जागेतून पाणी पाझरत राहिलं, तर त्याच दिवशी परत यायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. माणूस लुळा पडतो म्हणतात ना, ते पूर्वी मेंदूज्वराने खंगलेल्या, शेवटच्या अवस्थेत आणलेल्या माणसांचं पाणी काढायचे, ते पुढे आजारानेच जायचे आणि दोष सुईवर यायचा. मी स्वतः बघितलेलं आहे.

व्हीईपीला काही भीती नाही. आदल्या दिवशी केस धुऊन ये, तेल अजिबात नको, कारण डोक्याला वायरी चिकटवतात. चष्मा असेल तर आण. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन जागा बदलत राहतात, तू मधल्या ठिपक्याकडे बघायचं, एकेका डोळ्याने. डोळ्यांकडून मेंदूकडे निरोप पोचायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतात. साधारण शंभराच्या आसपास हवेत. नजर सुधारली तरी निरोप उशिरा पोचत राहतो, म्हणून जुलैचा डोळा आजही सापडू शकतो.

कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घे. आणि मंगळसूत्र, बांगड्या सगळ्या काढतात, पण साडीच्या निऱ्यांची आणि ब्लाउजची पिन विसरतात. दोनदा बायकांना मशीनपाशी नेऊन परत आणलेलं आठवतं. सुटा पंजाबी ड्रेस घालून जा. पाळी चुकली असेल तर तेही सांग, लाजू नको.

---

पेडण्याचा_भाऊ

माझ्या धाकट्या भावाचं लिहितो. त्याचेही डोळे आणि पाय, आम्ही सगळे एमएस धरून बसलो होतो. वास्को-यशवंतपूर गाडीने बंगळुरूच्या निमहान्स इस्पितळात गेलो. तिथे रक्तातली अ‍ॅक्वापोरिन-4 अँटीबॉडी बघितली, ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे एनएमओ, डोळ्याच्या नसेला आणि मज्जारज्जूला सूज आणणारा वेगळा आजार, एमएसचा सख्खा नव्हे पण चुलत भाऊ म्हणा. उपचार वेगळे. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलट अपाय करतात, त्यात इंटरफेरॉनसुद्धा आलं. म्हणून डॉक्टरांना विचारा की अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या दोन अँटीबॉडी बघायच्या का. बघायच्या असतील तर शक्यतो स्टेरॉईड सुरू व्हायच्या आधी रक्त द्या, आणि तपासणी सेल-बेस्ड (पेशींवर करतात त्या) पद्धतीची आहे का तेही विचारा.

बी-12 बद्दल एक. 168 कमीच आहे आणि त्याने पाय बधिर होऊ शकतात, मान वाकवल्यावर करंटही जाऊ शकतो. इंजेक्शनं सोडू नका. पण बी-12 ने डोळा गेला तर सहसा दोन्ही जातात आणि दुखत नाहीत. तुमचा एकच, आणि दुखत होता. भावाच्या वेळीही बी-12 कमी निघालं आणि चार महिने तिथेच गेले. आजाराचं नाव नक्की होईपर्यंत औषधांची घाई नको, तपासण्यांची मात्र करा.

---

कुळागर

आमच्या मुलीच्या वेळी मी आधी देवळात कौल लावला. उजवा आला, म्हणजे देवाचा होकार. मग तिला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेले. तुमच्या सासूबाईंना तसं सांगून बघा, त्यांचं मन शांत होईल आणि तपासण्याही होतील.

---

जास्वंद_डिचोली

तीन आठवडे झाले, उशिरा लिहिते, माफ करा.

भिशीचे पैसे उचलले आणि कण्याचा एमआरआय लगेच काढला. मानेत सी-3-सी-4 पाशी एक ठिपका आणि छातीच्या भागात दुसरा. छातीतला कॉन्ट्रास्टने उजळला, मानेतला नाही. सीडी घरी उघडून बघितली, उघडते. व्हीईपीत उजवा डोळा 101, डावा 133. जुलैचा डोळा खरंच सापडला, सिस्टर.

दोन्ही एमआरआय, 19 जुलैची चिठ्ठी आणि एक पान घेऊन मी आधी त्या दुसऱ्या डॉक्टरांकडेच गेले. पान वाचून ते स्वतःच म्हणाले, हे मला आधी कळलं असतं तर थांबा म्हटलं नसतं. मला त्यांचा राग नाही आला. मग पहिल्या न्यूरोलॉजिस्टकडे. ते म्हणाले, चित्र एमएसकडेच जातंय, पण अँटीबॉडी आणि पाण्याचा रिपोर्ट आल्याशिवाय औषध सुरू करणार नाही.

पाणी गेल्या बुधवारी काढलं. सासूबाईंनी सकाळी देवळात कौल लावला आणि माझ्याबरोबर आल्या. आत येऊ दिलं नाही म्हणून दाराबाहेर बसल्या. सुई जाताना मला खरंच फक्त दाब लागला. रक्त घेतलं का ते मी विचारलं, घेतलं होतं. पुढचे दोन दिवस बसलं की डोकं ठणकायचं, सासूबाईंनी उठूच दिलं नाही, चहा आणि पेज हातात आणून दिली. काल उठून परसात गेले.

शाळेत अजून फक्त मुख्याध्यापिकांना सांगितलंय. त्यांनी पहिलीचा वर्ग खालच्या मजल्यावर घेतला, जिने नकोत म्हणून.

पेडण्याचे भाऊ, अ‍ॅक्वापोरिन निगेटिव्ह आली. मॉग आणि बँडचे रिपोर्ट यायचे आहेत. मंगळवारची तारीख आहे. साडेसहाच्या कदंबा बसने पणजी आणि तिथून पुढे. मिस्टरांनी रजा टाकली आहे, फाईल त्यांच्याकडे, आणि ती चिठ्ठी प्लास्टिकच्या कव्हरात घालून सगळ्यात वर लावली आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.